दोन थेंब पाण्यातला ऑक्सिजन मोजताना: ऑप्टिकल सेन्सर प्रथमच वापरणाऱ्यांसाठी

समुद्रसपाटीवर, २८.५ अंश सेल्सिअस तापमानाला, हवेने संपृक्त झालेल्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण २४२ मायक्रोमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो. त्यातले ८० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब घेतले, तर त्यांत १९.४ नॅनोमोल ऑक्सिजन येतो. त्याच तापमानाच्या दमट हवेच्या अवघ्या एका मायक्रोलिटरमध्ये मात्र ८.१ नॅनोमोल ऑक्सिजन असतो. तेव्हा झाकणाखाली टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा राहून गेला, तर पाण्यातल्या एकूण ऑक्सिजनच्या चाळीस टक्क्यांहून अधिक साठा त्या बुडबुड्यात असतो, आणि आतला जीव ऑक्सिजन वापरू लागला की तो साठा हळूहळू पाण्यात उतरत राहतो. सेन्सर पाण्यातला ऑक्सिजन अचूक दाखवील. तो कोठून आला हे दाखवणे त्याच्या हाती नाही.

लहान जैविक नमुन्यांच्या मोजमापातली मुख्य अडचण ही आहे. आजचे ऑप्टिकल सेन्सर इतके चांगले आहेत की चुकांचे मूळ त्यांच्यात क्वचितच सापडते. ते भांड्यात, झाकणात, तापमानात आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ज्ञात प्रमाणांवर सेन्सर जुळवून घेण्याच्या, वेळी गृहीत धरलेल्या हवेच्या दाबात असते. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा ऑक्सिजनच्या जमाखर्चाला अधिक जागा दिली आहे. उदाहरण म्हणून झेब्राफिशचे भ्रूण घेतले आहेत, कारण ते २८.५ अंशांना वाढवले जातात, आवरणासह सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतात आणि एका वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या एका छोट्या खळग्यात, एक असे सहज मोजता येतात. हीच पद्धत डॅफ्निया (पाणपिसवा), कीटकांची अंडी, पेशींचे गोळे किंवा शैवालाचे तुकडे यांनाही थोड्या फेरफाराने लागू पडते. भ्रूणांवर काम सुरू करण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचे नियम कोणत्या वयापासून लागू होतात, हे मात्र आधीच विचारून घ्यावे.

सेन्सर नेमके काय मोजतो

सेन्सरच्या टोकावर किंवा ठिपक्यावर एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ते बहुतेक वेळा प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमचे पॉर्फिरिन असते, जुन्या सेन्सरमध्ये रुथेनियमचे संयुग असे, आणि ऑक्सिजन आत शिरू शकेल अशा पॉलिस्टायरीनसारख्या पॉलिमरमध्ये ते मिसळलेले असते. त्यावर ठराविक रंगाचा प्रकाश पडला की रेणू उत्तेजित होतात आणि काही मायक्रोसेकंदांनंतर अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकून शांत होतात. या मधल्या काळात ऑक्सिजनचा रेणू येऊन आदळला, तर ती ऊर्जा तोच घेऊन जातो आणि प्रकाश बाहेर पडत नाही. त्यामुळे ऑक्सिजन जितका जास्त, तितकी दीप्ती मंद आणि तिचे आयुष्यही कमी. ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलेले सूत्र यालाच लागू होते: ऑक्सिजन नसतानाच्या दीप्तीच्या आयुष्याला ऑक्सिजन असतानाच्या आयुष्याने भागले, की येणारे उत्तर एक अधिक ऑक्सिजनच्या प्रमाणाच्या ठराविक पटीइतके असते. ऑक्सिजनमुळे रंगांची दीप्ती विझते याची पद्धतशीर निरीक्षणे हान्स काउट्स्की यांनी १९३० च्या दशकात केली होती. जलजीवशास्त्रात वापरण्याजोगे बारीक फायबरचे सेन्सर क्लिमांट, मायर आणि क्यूल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले.

दीप्तीची तीव्रता मोजणे सोपे आहे, पण रंगद्रव्य फिके पडले, फायबर थोडा वाकला किंवा दिव्याचा जोर बदलला तरी तीव्रता बदलते. म्हणून आजची बहुतेक यंत्रे दीप्तीचे आयुष्य मोजतात, आणि तेही आडवळणाने. प्रकाश ठराविक वारंवारतेने कमी-जास्त केला जातो आणि दीप्ती त्याच्या किती मागे पडते तो कोन, म्हणजे फेज-कोन, नोंदवला जातो. समजा, एखाद्या रंगद्रव्याचे ऑक्सिजनविरहित आयुष्य ६० मायक्रोसेकंद आणि हवेने संपृक्त पाण्यातले २० मायक्रोसेकंद आहे, आणि प्रकाशाची वारंवारता ४ किलोहर्ट्झ आहे. तर शून्य ऑक्सिजनला कोन साधारण ५६ अंश आणि संपृक्त पाण्यात साधारण २७ अंश येईल. ऑक्सिजन वाढला की कोन घटतो, ही उलटी दिशा नवख्या माणसाला काही दिवस गोंधळात पाडते. या तत्त्वातून निघणाऱ्या तीन गोष्टी पुढे पदोपदी लागतात.

पहिली गोष्ट अशी की ऑप्टिकल सेन्सर व्यवहारात ऑक्सिजन खर्च करत नाही. लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात बनवलेला इलेक्ट्रोड स्वतः ऑक्सिजनचे क्षपण करतो, म्हणून त्याच्याभोवतीचे पाणी सतत ढवळावे लागते. दोन थेंबांच्या नमुन्यात साधा क्लार्क इलेक्ट्रोड घातला, तर तोच एक श्वास घेणारा जीव होऊन बसतो. दुसरी गोष्ट, सूत्राच्या स्वरूपामुळे हा सेन्सर कमी ऑक्सिजनला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि संपृक्ततेजवळ त्याची रीडिंग अधिक थरथरतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा, मोजतो. मिलिग्रॅम किंवा मायक्रोमोल प्रतिलिटर हे आकडे यंत्राने तापमान आणि क्षारता धरून गणिताने काढलेले असतात. २५ अंशांच्या संपृक्त गोड्या पाण्यात २५८ मायक्रोमोल प्रतिलिटर ऑक्सिजन असतो, त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे २१०, पण दोन्हींत सेन्सरचा फेज-कोन सारखाच येतो. क्षारतेचा रकाना चुकीचा भरला, तर यंत्र कुरकुर न करता चुकीचे उत्तर देईल. भ्रूणांसाठी वापरले जाणारे ई-३ हे द्रावण इतके पातळ आहे की तेथे क्षारता शून्य धरली तरी चालते.

कोणता प्रकार घ्यावा

बाजारात मुख्यतः चार रूपे मिळतात. सुईत बसवलेला बारीक फायबर, ज्याचे टोक ५० मायक्रोमीटरइतके किंवा त्याहूनही बारीक असू शकते. काचेच्या भांड्याच्या आत चिकटवायचा आणि बाहेरून काचेतून वाचायचा ठिपका. तळाशी असे ठिपके आधीच बसवलेली वेल-प्लेट. आणि द्रावणात मिसळायचे विरघळणारे किंवा नॅनोकणांचे रंगद्रव्य. रेगेन्सबुर्गची प्रीसेन्स, आखेनची पायरोसायन्स आणि ऑर्हूसची युनिसेन्स या कंपन्यांची नावे या क्षेत्रात वारंवार भेटतील. पेशींच्या कामात वापरले जाणारे सीहॉर्स हे यंत्रही याच तत्त्वावर चालते. ते मोजण्यापुरता पेशींवर काही मायक्रोलिटरचा कप्पा तयार करते आणि नंतर पुन्हा उघडते.

निवडीचा नियम सरळ आहे. ऑक्सिजन जागेनुसार कसा बदलतो हे पाहायचे असेल, उदाहरणार्थ जैविक पापुद्र्यात वरून खाली किंवा पेशींच्या गोळ्यात बाहेरून आत, तर बारीक फायबर घ्यावा. एक जीव ताशी किती ऑक्सिजन वापरतो हे पाहायचे असेल, तर बंद भांड्यातला ठिपका किंवा ठिपक्यांची प्लेट घ्यावी. सुरुवात करणाऱ्याने फायबरच्या मोहात पडू नये असे माझे मत आहे. ते टोक एका धक्क्यात तुटते आणि त्याची किंमत पाहून विभागप्रमुखांचा चेहरा बदलतो. ठिपका मात्र काचेच्या आत सुरक्षित असतो आणि अनेक महिने काम देतो. यापुढचे विवेचन ठिपक्यांच्या काचेच्या प्लेटला धरून आहे.

प्रयोगाआधीचा हिशेब

वेलचे आकारमान ठरवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. तुमच्या वयाचा भ्रूण ताशी सुमारे ३ नॅनोमोल ऑक्सिजन वापरतो असे गृहीत धरू. खरा आकडा वय, तापमान आणि हालचाल यांनुसार बदलतो आणि तोच तर मोजायचा आहे. ऑक्सिजन हवेच्या संपृक्ततेच्या ८० टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही असे ठरवले, तर ८० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये १९.४ पैकी फक्त ३.९ नॅनोमोल वापरता येतात. म्हणजे मोजमापाला साधारण सव्वा तास मिळतो. हाच भ्रूण एक मिलिलिटरच्या कुपीत ठेवला, तर तेवढीच घट होण्यास सोळा तास लागतील. त्या वेळात भ्रूण वयाने पुढे गेलेला असेल, पाण्यातले जीवाणू वाढलेले असतील आणि झाकणातून झिरपलेल्या ऑक्सिजनचा वाटाही मोठा झालेला असेल. उलट वेल फार लहान घेतला, तर काही मिनिटांतच ऑक्सिजन इतका उतरतो की जीवाचे वर्तनच बदलते. साधारण तासा-दोन तासांत दहा ते वीस टक्के घट होईल असे आकारमान निवडावे. एका वेलमध्ये एकाऐवजी तीन भ्रूण घालूनही हे जमवता येते, पण मग एकेका भ्रूणातला फरक हाती लागत नाही.

दुसरा हिशेब मिसळण्याचा. ऑक्सिजनचा पाण्यातला विसरण-गुणांक २५ अंशांना सेकंदाला सुमारे ०.००००२१ चौरस सेंटिमीटर आहे. त्यावरून ऑक्सिजनला स्थिर पाण्यात एक मिलिमीटर सरकायला चार मिनिटे, तीन मिलिमीटरला छत्तीस मिनिटे आणि एक सेंटिमीटरला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागतो. सेन्सरला ढवळण्याची गरज नसली तरी नमुन्याला ती असते. भ्रूण वेलच्या एका कडेला आणि ठिपका दुसऱ्या कडेला असेल, तर पाहिली जाणारी घट उशिराची असते. प्लेट सौम्य गतीने हलणाऱ्या शेकरवर ठेवावी. मोठ्या कुपीत लहान चुंबकी ढवळणी जाळीखाली ठेवावी, म्हणजे ती जीवावर आदळणार नाही.

भांडे आणि झाकण

काच ऑक्सिजन आत सोडत नाही. पॉलिस्टायरीनची नेहमीची प्लेट सोडते, आणि शिवाय तिच्या भिंतींत आधीच विरघळलेला ऑक्सिजन असतो, जो आतले प्रमाण घटले की बाहेर येतो. सिलिकोन तर ऑक्सिजनच्या बाबतीत जवळजवळ उघडे दार आहे. सिलिकोनची नळी, सिलिकोनचे बूच किंवा पीडीएमएसचा (हेही एक सिलिकोनच) मायक्रोचॅनल वापरून बंद मोजमाप करू नये. टेफ्लॉन नावाने भरवशाचे वाटते, पण तेही ऑक्सिजन बऱ्यापैकी जाऊ देते. नळी लागणारच असेल तर पोलादाची किंवा पीक या कडक प्लास्टिकची, आणि बूच लागलेच तर ब्युटाइल रबराचे असावे. वरून खनिज तेलाचा थर देण्याची पद्धत रंगद्रव्य मिसळून केलेल्या चाचण्यांत रूढ आहे. त्याने गळती मंदावते, थांबत नाही, कारण ऑक्सिजन तेलात पाण्यापेक्षाही अधिक विरघळतो.

काचेच्या प्लेटवर चिकट फिल्म, तिच्यावर रबराची सपाट गादी आणि तिच्यावर दाब देणारा ठोकळा, अशी मांडणी पुरेशी ठरते. फिल्म लावण्याची रीत शिकण्यात पहिले एक-दोन दिवस गेले तरी ते वाया गेले असे समजू नये. वेल काठोकाठ, पाण्याचा फुगवटा वर दिसेल इतका भरावा, फिल्म एका कडेने टेकवून हळूहळू दुसऱ्या कडेपर्यंत नेत जादा पाणी बाहेर ढकलावे, आणि मग प्लेट उजेडासमोर तिरपी धरून प्रत्येक वेल पाहावा. बुडबुडा दिसला तर तो वेल वहीत बाद म्हणून नोंदवावा किंवा फिल्म काढून पुन्हा लावावी. ‘लहानसाच आहे’ असे म्हणून तो ठेवण्याचे काय होते, ते पहिल्याच परिच्छेदातल्या आकड्यांवरून दिसते.

प्लेटवर छापलेले आकारमानही तपासून घ्यावे. कोरडी प्लेट वजन करावी, वेल भरून फिल्म लावावी, बाहेरचे पाणी टिपून पुन्हा वजन करावे, फिल्मचे वजन वजा करावे. काठोकाठ भरलेल्या वेलमध्ये नावापेक्षा थोडे जास्त पाणी बसते आणि अंतिम दर या आकारमानाच्या थेट प्रमाणात असतो.

कॅलिब्रेशन

दोन बिंदू लागतात: ऑक्सिजनविरहित पाणी आणि हवेने संपृक्त पाणी. दोन्ही प्रयोगाच्याच तापमानाला घ्यावेत, कारण तापमान वाढले की दीप्तीचे शमन अधिक वेगाने होते आणि त्याच ऑक्सिजनला वेगळा कोन येतो. यंत्रात तापमानाची दुरुस्ती असते, पण ती यंत्राच्या तापमापकाने दाखवलेल्या तापमानासाठी असते. प्लेट अजून थंडच असेल तर दुरुस्ती चुकीच्या दिशेने होते.

संपृक्त पाण्यासाठी मत्स्यालयातला साधा एअर पंप आणि दगडी फुगेकाडी पुरते. इनक्युबेटरमध्ये ठेवलेल्या बाटलीत वीस-तीस मिनिटे हवा सोडावी, मग पंप बंद करून दहा मिनिटे थांबावे. फुगेकाडी खोल बुडवली तर तेथील जास्त दाबामुळे पाणी किंचित अतिसंपृक्त होते, ते या विश्रांतीत सुटते. बाटलीचे झाकण सैल ठेवावे. शंका वाटली तर एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात सर्वांनी केलेली विंकलर पद्धत, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन रासायनिक क्रियेने मोजण्याची रीत, त्याच बाटलीतल्या पाण्यावर करून पाहावी. १८८८ ची ती पद्धत मोठ्या नमुन्यासाठी आजही उत्तम पंच आहे.

यानंतर हवेचा दाब. संपृक्त म्हणजे किती, हे त्या दिवशीच्या, त्या जागेच्या दाबावर ठरते. आंशिक दाब काढण्यासाठी हवेच्या दाबातून पाण्याच्या वाफेचा दाब वजा करावा आणि उरलेल्याला ०.२०९५ ने गुणावे. २८.५ अंशांना वाफेचा दाब ३९ हेक्टोपास्कल असतो. समुद्रसपाटीच्या १०१३ हेक्टोपास्कलला ऑक्सिजनचा आंशिक दाब २०४ हेक्टोपास्कल येतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथील प्रत्यक्ष दाब ९४५ ते ९५० च्या आसपास असतो, म्हणून ९४८ धरला तर आंशिक दाब १९० आणि संपृक्त पाण्यातला ऑक्सिजन २४२ ऐवजी २२६ मायक्रोमोल प्रतिलिटर येतो. येथे एक फसवी जागा आहे. हवामानाच्या संकेतस्थळांवर किंवा मोबाइलवर पुण्याचा दाब १०१० असा दिसतो, कारण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तो आकडा यंत्रात भरला, तर पुण्यातली सगळी रीडिंग सहा-सात टक्क्यांनी फुगतात, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे का जुळत नाहीत यावर नंतर लांबलचक पत्रव्यवहार होतो. खोलीत साधा बॅरोमीटर ठेवावा. पुष्कळ मोबाइल फोनमध्येही दाबाचा सेन्सर असतो, त्याचे कच्चे रीडिंग चालते. मुंबई किंवा पणजीत उंचीचा प्रश्न नाही, तरी पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला दाब यांत सुमारे एक टक्क्याचा फरक पडतो.

शून्य बिंदूसाठी सोडियम सल्फाइट वापरतात: १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम, घट्ट बंद बाटलीत, वर हवा न ठेवता, पंधरा मिनिटे. ८ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन संपवायला जेमतेम ६५ मिलिग्रॅम प्रतिलिटर सल्फाइट लागते, त्यामुळे हे प्रमाण गरजेच्या दीडशेपट आहे. कोबाल्ट क्षाराचा कण घातला तर क्रिया झटपट होते, मात्र तो सजीवांना विषारी असल्याने भ्रूणांच्या प्लेटपासून दूर ठेवलेला बरा. द्रावण त्याच दिवशी बनवावे. आठवडाभर शेल्फवर उघडे राहिलेल्या सल्फाइटचे सल्फेट झालेले असते.

हे भरघोस प्रमाणच लहान नमुन्यांत उलटते. या द्रावणाचा एक मायक्रोलिटर वेलच्या कोपऱ्यात राहिला, तर तो ४० नॅनोमोल ऑक्सिजन खाऊ शकतो, म्हणजे ८० मायक्रोलिटरच्या वेलमधला सगळा ऑक्सिजन दोनदा संपवण्याइतका. त्यातून दिसणारी सुबक, सरळ उतरती रेघ पाहून भ्रूण फार जोमदार आहे असा समज होतो. म्हणून शून्य बिंदू शक्यतो प्रयोग संपल्यावर, शेवटी घ्यावा. यंत्राची आज्ञावली तो आधीच मागत असेल, तर पाण्यातून नायट्रोजन सोडून शून्य घ्यावे. सल्फाइटच वापरावे लागले, तर प्लेट ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुवावी, एकदा पाणी भरून काही मिनिटे ठेवून ओतावे, आणि मग फक्त पाणी भरलेल्या बंद वेलमध्ये अर्धा तास रेघ आडवी राहते का हे पाहावे. संपृक्त बिंदू मात्र प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर, दोन्ही वेळा घ्यावा. दोहोंतला फरक म्हणजे सेन्सरचे घसरणे.

प्रत्यक्ष मोजमाप

आदल्या दिवशी इनक्युबेटर २८.५ अंशांना लावून त्यात यंत्र, प्लेट, ठोकळा आणि द्रावणाची बाटली ठेवून द्यावी. द्रावण त्याच तापमानाला हवेने संपृक्त करणे फार गरजेचे आहे. २५ अंशांच्या खोलीत संपृक्त झालेले पाणी २८.५ अंशांच्या प्लेटमध्ये घातले, तर ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास अतिसंपृक्त होते, आणि हा जादा वायू फिल्मखाली बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. फिल्म नीट लावूनही अर्ध्या तासाने बुडबुडे उगवलेले दिसले, तर कारण बहुधा हेच असते. वीज जाण्याचा संभव असेल तेथे इनक्युबेटर यूपीएसवर ठेवावा. या तापमानाला बंद वेलमध्ये एका अंशाच्या चढउताराने रीडिंग १.८ टक्क्यांनी हलते, आणि भ्रूणाने सुमारे सात मिनिटांत केलेल्या कामाइतके ते असते.

भ्रूण निवडताना एकाच वयाचे, एकाच जोडीच्या अंड्यांतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली निकोप दिसणारे घ्यावेत. वाढवण्याच्या द्रावणात बुरशी रोखण्यासाठी मिथिलीन ब्लू घालतात. मोजमापाच्या आधी भ्रूण साध्या द्रावणाने दोन-तीनदा धुवावेत, कारण तो रंग ज्या लाल प्रकाशात शोषण करतो त्याच पट्ट्याजवळ अनेक सेन्सरचा दिवा चालतो, आणि उजेडात तो रंग स्वतःही ऑक्सिजनशी खेळतो. भ्रूण रुंद तोंडाच्या पिपेटने उचलावा आणि त्याच्याबरोबर येणारे पाणी कमीत कमी ठेवावे.

प्लेटमधल्या २४ वेलपैकी किमान चार ते सहा भ्रूणाविना ठेवावेत, आणि त्यांत नुसते ताजे द्रावण न घालता भ्रूण ज्यात धुतले त्या शेवटच्या पाण्यातले भरावे, म्हणजे जीवाणूंचा वाटा खऱ्यासारखा मोजला जाईल. हे ब्लँक वेल सगळे एका कोपऱ्यात न ठेवता प्लेटभर विखुरलेले असावेत, कारण कडेच्या आणि मधल्या वेलचे तापमान नेहमी सारखे नसते.

सील करून प्लेट यंत्रावर ठेवली की दर मिनिटाला एक रीडिंग पुरे. दर सेकंदाला घेण्याने माहिती फारशी वाढत नाही. प्रकाशाचे झोत वाढतात आणि रंगद्रव्य लवकर फिके पडते. पहिली वीस-तीस मिनिटे तापमान स्थिरावण्याची असतात, ती नोंदवावीत पण हिशेबात धरू नयेत. इनक्युबेटरचे दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. ऐंशी टक्क्यांच्या जवळ पहिला वेल पोहोचला की थांबावे, फिल्म काढावी आणि प्रत्येक भ्रूणाचे हृदय चालू आहे का हे पाहून नोंदवावे. मेलेल्या भ्रूणाच्या वेलमध्येही ऑक्सिजन उतरतच असतो. तो जीवाणू वापरतात.

हिरव्या नमुन्यांविषयी थोडे. शैवाल किंवा पानाचे तुकडे मोजताना सेन्सरचा लाल झोत प्रकाशसंश्लेषण जागवू शकतो आणि हरितद्रव्याची स्वतःची लाल दीप्ती शोधकात शिरू शकते. ठिपक्यावर काळा, प्रकाश अडवणारा थर असलेला सेन्सर घ्यावा आणि रीडिंगांतले अंतर वाढवावे. अशा थरामुळे प्रतिसाद थोडा मंदावतो. मिनिटाला एक रीडिंग घेताना त्याने बिघडत नाही.

गळती मोजण्याची चाचणी

ब्लँक वेल आडवी रेघ दाखवतात म्हणून सील चांगले आहे, असा निष्कर्ष जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस काढतो. ब्लँकमधले पाणी हवेशी समतोलात असते. बाहेर आणि आत सारखाच दाब असताना फिल्मला भोक असले तरी काही दिसणार नाही. गळती पाहायची तर आत ऑक्सिजन कमी हवा. म्हणून नवी प्लेट किंवा नवी फिल्म आली की एकदा ही चाचणी करावी: पाण्यातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन अर्ध्यावर आणावा, वेल झटपट भरून सील करावेत आणि दोन तास पाहावे. येथे सल्फाइट चालणार नाही, कारण ते आत आलेला ऑक्सिजन लगेच गिळून टाकते.

समजा, आत १२१ मायक्रोमोल प्रतिलिटर इतकी तूट असताना ऑक्सिजन ताशी ६ ने वाढला. म्हणजे तुटीच्या पाच टक्के ऑक्सिजन दर तासाला आत येतो. प्रयोगात संपृक्ततेपासून ८० टक्क्यांपर्यंत उतरताना सरासरी तूट २४ असते, तर गळती ताशी १.२ मायक्रोमोल प्रतिलिटर. भ्रूणाचा उतार ताशी ३७ असेल, तर ही चूक तीन टक्क्यांची, चालण्यासारखी. तोच भ्रूण ३० टक्के संपृक्ततेपर्यंत नेण्याचा प्रयोग असता, तर शेवटी तूट १६९ आणि गळती ताशी आठच्या पुढे गेली असती. तेथे दुरुस्ती केल्याशिवाय आकडा छापू नये.

रेघेपासून दरापर्यंत

प्रत्येक वेलसाठी ऑक्सिजन विरुद्ध वेळ असा आलेख काढून तो आधी डोळ्यांनी पाहावा आणि मगच सरळ रेघ बसवावी. रेघ खाली जाता जाता सपाट होत असेल तर बुडबुडा, गळती किंवा ऑक्सिजन कमी पडल्याने मंदावलेला जीव, यांपैकी काहीतरी आहे. सुरुवातीला वर जाऊन मग खाली येणारी रेघ तापमान स्थिरावले नव्हते असे सांगते. सरळ भागाचा उतार, म्हणजे ताशी किती मायक्रोमोल प्रतिलिटर घट, घ्यावा; त्यातून ब्लँक वेलच्या उतारांची सरासरी वजा करावी; उरलेल्याला वेलच्या आकारमानाने गुणावे. वरच्या उदाहरणात उतार ३७ आणि ब्लँक २ असेल, तर ३५ गुणिले ८० मायक्रोलिटर, म्हणजे ताशी २.८ नॅनोमोल. एका भ्रूणाचे आवरणासह आकारमान जवळपास एक मायक्रोलिटर असते, ते दुर्लक्षता येते. मोठी डिंभके किंवा वेलमध्ये पाच-सहा भ्रूण असतील, तर त्यांचे आकारमान वेलमधून वजा करावे.

एका प्लेटवरचे अठरा भ्रूण म्हणजे अठरा स्वतंत्र प्रयोग नव्हेत, ते एका जोडीच्या एका दिवसाच्या अंड्यांतले आहेत. निष्कर्ष काढण्यासाठी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जोड्यांची अंडी घेऊन प्लेट पुन्हा लावावी लागते, आणि संख्याशास्त्रात मोजायची ती संख्या अंड्यांच्या तुकड्यांची.

प्लेट धुताना ऊर्ध्वपातित पाणी आणि गरज पडल्यास ७० टक्के एथेनॉल वापरावे. ॲसिटोन, क्लोरोफॉर्म, टोल्यूइन यांचा थेंबही ठिपक्याचा पॉलिमर विरघळवतो. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणे, चालतो की नाही हे उत्पादकाच्या पत्रकात पाहूनच करावे. वाळलेली प्लेट काळ्या कागदात किंवा बंद खणात ठेवावी, खिडकीतल्या टेबलावर राहू देऊ नये. वहीत तापमान, बॅरोमीटरचा दाब, क्षारता, वेलचे तपासलेले आकारमान, कॅलिब्रेशनचे दोन्ही फेज-कोन आणि बाद केलेले वेल कारणासह लिहावेत. आणि संगणकावर गणित केलेल्या आकड्यांच्या जोडीने कच्चे फेज-कोनही साठवावेत, म्हणजे दाबाचा रकाना चुकीचा भरला होता असे महिन्याभराने लक्षात आले, तरी प्लेट पुन्हा न लावता सगळे दर नव्याने काढता येतात.